अर्धं संत्रं

स्पेनला संत्री विकण्याचा विचार माझ्या मनात कधीही आला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या कॉलनीतले काही लोक अजूनही मला रस्त्यात थांबवून हळहळतात की एवढा चांगला धंदा हातचा कसा गेला. मी पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. संत्र्याशी माझा संबंध खाण्यापुरता (तेही बायकोने सोलून दिलं तर). तरीसुद्धा गेल्या हिवाळ्यात काही दिवस मी नागपूरचा होऊ घातलेला बडा निर्यातदार होतो, आणि त्याचं कारण एवढंच की मला माझ्या बायकोला काहीतरी गोड म्हणायचं होतं.

सुरुवात झाली कन्हानला, माझ्या चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात. पंगत बसली होती. नवरदेवाने भर मांडवात, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, नवरीच्या ताटात जिलेबी ठेवली आणि म्हणाला, "खा ना, बेबी." म्हाताऱ्या हसल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, नवरी लाजली आणि माझी बायको सुमन जेवता जेवता थांबली. मला वाटलं, तिला मठ्ठा हवा आहे. मी मठ्ठा वाढणाऱ्याला हाक मारली. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा परस्पर पुढच्या पानाकडे निघून गेला.

परतताना ती गाडीच्या खिडकीतून मागे पडणारी कामठी बघत होती. मग एकदम म्हणाली, "अजी, एवढ्या वर्षांत तुमी मले कधी काही म्हनलं का?"

"काही म्हणजे?"

"गोड काही."

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अवं म्हणतो ना."

"अवं तं तुमी भांडेवालीलेबी म्हनता. अन् परवा फाटकातून गाय आत शिरली, तं तिलेबी अवंच म्हनलं."

हे खरं होतं. गायीला मी "अवं, जा ना बाई" असं म्हटलं होतं, म्हणजे हिशेबाने बघता गायीच्या वाट्याला थोडं जास्तच आलं होतं.

मग सुमनने अट सांगितली. पुढच्या महिन्यात लग्नाला तीस वर्षं होत होती. त्या दिवशी मी तिला चार लोकांसमोर काहीतरी गोड म्हणायचं. नाही म्हटलं, तर ती खाप्याला माहेरी निघून जाणार आणि या बारीनं लवकर येणार नाही. सुमनचा आवाज चढला की मला काळजी नसते. आवाज चढला की भांडण होतं, भांडण झालं की चहा होतो, आणि चहा झाला की मिटतं. पण त्या दिवशी आवाज अगदी शांत होता. घरी पोचल्यावर चहाचं कोणी नावही काढलं नाही.

आता माझी अडचण समजून घ्या. आमच्या घरात बायकोशी गोड बोलण्याची रीतच नव्हती. माझे वडील आईला हाक मारायचे म्हणजे खोकायचे. एकदा खोकले की पाणी, लांबून खोकले की चहा, आणि कोरडं खोकले की पाहुणे आले आहेत, बाहेर येऊ नको. एकदा त्यांना खरोखरचा खोकला झाला तेव्हा आई दिवसभर घरात पळत होती. त्या मानाने मी "अवं" म्हणतो म्हणजे घराण्यातला रंगेल माणूस! पण हे सुमनला कोण सांगणार?

मी आरशासमोर उभा राहून "प्रिये" म्हणून पाहिलं. आरशातला माणूस मिशी लावून रंगमंचावर जाणार असं वाटलं. "लाडके" म्हटलं तर सरकारी योजनेचा अर्ज भरतोय असं वाटलं. "राणी" हे पलीकडच्या गल्लीतल्या कुत्रीचं नाव आहे आणि ती हाकेला लगेच येते. शिवाय खरी गोची शब्दाची नव्हती, चार लोकांची होती. बंद खोलीत मी कदाचित काहीतरी पुटपुटलो असतो. पण चार लोकांसमोर? ज्यांच्याबरोबर मी रोज बागेत फिरतो, राजकारणावर बोलतो, ज्यांना मी गंभीर माणूस वाटतो, त्यांच्यासमोर?

इथे आमची मुलगी ऋतुजा येते. ऋतुजा विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे आणि सतत फोनवर स्पेनच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलते. एका रविवारी ती हॉलमध्ये बसून असंच फोनवर कोणाशी तरी भडाभडा बोलत होती. मी पेपर वाचत होतो, सुमन मेथी निवडत होती. आम्हा दोघांना एक अक्षर कळत नव्हतं. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार लोकांसमोर म्हणायचं आहे ना? म्हणू की! फक्त चार लोकांना कळणार नाही अशा भाषेत म्हणू. मी म्हटलं की ऋतुजा आईच्या कानात अर्थ सांगेल. अट पुरी, अब्रू शाबूत. अशी युक्ती सुचायला नकाशे काढणाऱ्याचंच डोकं लागतं.

ऋतुजाला मी गच्चीवर नेऊन सांगितलं. ती आधी हसली, मग खाली बसून हसली, मग तिला उचकी लागली. उचकी थांबल्यावर मात्र तिचे डोळे जरा ओले दिसले आणि ती लगेच कामाला लागली. तिने शब्दांची रांगच लावली. 'मी आमोर' म्हणजे माझं प्रेम. मी म्हटलं नको, हे आजकाल गाण्यांत येतं, कोणालाही कळेल. 'मी सिएलो' म्हणजे माझं आभाळ. सुमनला आभाळ म्हटलं तर ती वर बघेल आणि गच्चीवरचे कपडे काढायला जाईल. 'कोराथोन' म्हणजे हृदय. हृदय म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाला फक्त तपासण्या आठवतात.

"मंग हे ऐका, बाबा," ऋतुजा म्हणाली. "मी मेदिया नारांखा."

"म्हणजे?"

"माझं अर्धं संत्रं."

तिने समजावलं की स्पेनमध्ये नवरा-बायको एकमेकांना असंच म्हणतात. संत्रं मधोमध कापलं की त्या अर्ध्याला जगातलं एकच दुसरं अर्धं नेमकं जुळतं, म्हणून. मी थक्कच झालो. नागपूरच्या माणसाने बायकोला म्हणावं आणि खाप्याच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या बायकोने ऐकावं, असं याहून चपखल दुसरं काय असणार! हजारो कोसांवरच्या लोकांनी हे जणू आमच्यासाठीच तयार ठेवलं होतं. ऋतुजाने ते तिच्या आवाजात माझ्या फोनमध्ये भरून दिलं आणि मी रोज सकाळी गच्चीवर सरावाला जाऊ लागलो.

सराव म्हणजे काय, तर फोन कानाला लावायचा, ऐकायचं आणि मग समोर कोणीतरी आहे असं समजून म्हणायचं. समोर आमची पाण्याची टाकी होती. मी टाकीला रोज अर्धं संत्रं म्हणत असे. आधी नुसतं तोंडातल्या तोंडात, मग आवाजात, मग ऋतुजाने सांगितल्याप्रमाणे भावना घालून. एका दिवशी भावना चांगली साधली होती. डावा हात छातीवर, उजवा हात टाकीवर, डोळे अर्धे मिटलेले. आणि बाजूच्या गच्चीवरून आवाज आला.

"प्रभाकरभाऊ, काय करून राहिले गा?"

भोयर! आमचे शेजारी. अंगाला तेल चोपडून उन्हात बसले होते आणि किती वेळापासून बसले होते ते देव जाणे. भोयरांना सांगितलेली गोष्ट कॉलनीत पसरायला त्यांना चप्पल घालण्याइतकाच वेळ लागतो.

"स्पॅनिश शिकून राहिलो," मी टाकीवरचा हात काढत म्हटलं.

"काहून?"

या एका शब्दाने घात केला. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळी बागेत माझी वरात निघाली असती. काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडात तर संत्रंच घोळत होतं. मी म्हटलं, "संत्र्यासाठी."

भोयरांनी अंगाला तेल लावणं थांबवलं. ते उठून कठड्यापर्यंत आले. नागपूरचा माणूस कोणत्याही विषयावर वाद घालेल, पण संत्र्याच्या बाबतीत त्याचा एका गोष्टीवर जन्मजात विश्वास असतो: अख्खं जग आपल्या संत्र्यासाठी तडफडून राहिलं आहे, फक्त त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. भोयरांनी माझ्याकडे नव्या नजरेने पाहिलं आणि सगळं गणित स्वतःच सोडवून टाकलं.

"पोरगी मिहानमधी. विमानतळ बाजूले. अन् बाप स्पॅनिश शिकून राहिला," ते हळूच म्हणाले. "लय दूरचं पाहून राहिले तुमी."

मी नाही म्हणालो नाही. मी फक्त मान हलवली, आणि तीही अशी की होय की नाही ते कळू नये. भोयरांना तेवढं पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो तर आमचा फिरण्याचा गट फिरायचं सोडून माझी वाट बघत उभा. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एकांनी मला संत्र्याची प्रतवारी समजावून सांगितली. एकांनी खोक्यांच्या पुठ्ठ्याबद्दल मोलाचा सल्ला दिला. भोयरांनी जाहीर केलं की ते माझे भागीदार आहेत (ही गोष्ट मलाही तिथेच कळली). मग सगळ्यांनी आग्रह धरला की स्पेनमध्ये संत्र्याला काय म्हणतात ते सांगा. मला जे एकमेव येत होतं ते मी सांगितलं. तेव्हापासून बागेत सकाळी "राम राम"च्या ऐवजी लोक एकमेकांना "नारांखा" म्हणू लागले.

मग आमच्या घरी बायका यायला लागल्या. कोणाचा मुलगा हुशार होता पण कामाला नव्हता, कोणाच्या जावयाचा टेम्पो रिकामा होता. सुमनने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्या गेल्यावर मला विचारलं, "तुमी संत्र्याचा धंदा करून राहिले?"

इथे अजूनही सुटका होती. पण सांगितलं असतं तर गोड बोलण्याची मजा गेली असती, आठवड्यावर आलेला लग्नाचा वाढदिवस फुकट गेला असता. मी म्हटलं, "विचार चालू आहे."

"मलेच नाही सांगितलं," ती म्हणाली. आवाज शांत. "म्हनून रोज गच्चीवर जाता का? मले वाटलं..." वाक्य अर्धंच ठेवून ती मेथीची जुडी घेऊन आत गेली. मला फार वाईट वाटलं, पण मी स्वतःला समजावलं की आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

आणि मग ऋतुजाने बॉम्ब टाकला. तिच्या कंपनीचा एक साहेब, राफाएल नावाचा, स्पेनहून काही दिवसांसाठी नागपूरला आला होता. हॉटेलचं जेवण खाऊन कंटाळला होता. तिने त्याला घरी जेवायला बोलावलं होतं, नेमकं आमच्या वाढदिवशी. "मस्त होईल ना, बाबा? खऱ्या स्पॅनिश माणसासमोर म्हणाल तुम्ही!" ऋतुजा दुपारी कामावर जाते, रात्री येते आणि सकाळी झोपते, त्यामुळे कॉलनीत मी निर्यातदार झालो आहे याचा तिला पत्ताच नव्हता. मी तोंड उघडायच्या आधी खिडकीतून भोयर म्हणाले, "स्पेनचा मानूस? घरी? जेवाले?" आणि चप्पल शोधायला धावले.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच दारात पिकअप गाडी उभी राहिली. सुमनचा भाऊ बबन, खाप्याहून. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती, बाग पिवळीधमक, आणि त्याला भोयरांचा फोन गेला होता. गाडी संत्र्यांनी काठोकाठ भरलेली. "भाऊजी," बबन माझ्या पाया पडत म्हणाला, "आपल्या घरात एवढा मोठा मानूस, अन् मले बाहेरून कळावं?" मी त्याला बाजूला घेऊन खरं सांगणार होतो, पण त्याने पहिलं संत्रं सोलून माझ्या तोंडातच कोंबलं. फार गोड होतं.

दिवसभर मी संत्र्यांच्या मागे. ही पेटी इथे, ती तिथे, निवडलेली पुढे, डागी मागे. सुमन स्वयंपाकघरात वडाभात आणि पाटोडीच्या रश्श्याला लागली होती. मधून मधून ती दारात यायची, मी काही म्हणतो का ते बघायची आणि परत जायची. मी म्हणत होतो, "अवं, एखादा सुतळीचा तोडा आहे का?" दुपारी मी पाहिलं, तर तिची कपड्यांची बॅग भरून पलंगावर ठेवलेली. संध्याकाळी ती बॅग बबनच्या गाडीत पुढच्या सीटवर दिसली. 

राफाएल आला. उंच, टक्कल पडलेला, हसरा. फाटकात त्याच्या गळ्यात भोयरांनी हार घातला. फुलांचा नाही, संत्र्यांचा! सुतळीत ओवलेली निवडक संत्री. हाराच्या ओझ्याने पाहुण्याची मान वाकली आणि सगळ्यांना वाटलं की तो नम्रपणे नमस्कार करतो आहे. बागेतला गट दोन्ही बाजूंना उभा राहून एका सुरात म्हणाला, "नारांखा, नारांखा." पाहुण्याने गळ्यातल्या संत्र्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यात चूक तरी कुठे होती? ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

जेवायला बसल्यावर पाटोडीच्या रश्श्याचा पहिला घास गेला आणि पाहुण्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बबन माझ्या कानात म्हणाला, "भावूक झाला. सौदा झाला समजा." त्याने लगेच एक संत्रं पाहुण्याच्या हातात ठेवलं. राफाएलने सुरी मागायला इकडेतिकडे पाहिलं, मग बोटाने नुसतं दाबलं आणि साल अलगद सुटली. त्याला मोठं आश्चर्य वाटलं. त्याने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, संत्रं संपवलं, आणखी एक घेतलं. सगळा हॉल श्वास रोखून बघत होता. भोयरांनी खुर्ची पुढे ओढली आणि माल कधी, किती, कुठे पाठवायचा ते विचारायला ऋतुजाला सांगितलं.

ऋतुजाला काही कळेना, पण तिने विचारलं. राफाएल हसला आणि बराच वेळ बोलला. ऋतुजा आमच्याकडे वळली.

"ते म्हणून राहिले की संत्रं एक नंबर आहे. पण ते वालेन्सियाचे आहेत. त्यांच्याकडे सगळी संत्र्यांचीच शेती. स्वतः त्यांच्या वडिलांची बाग आहे. त्यांना संत्र्याचं काही घेणं-देणं नाही, ते फक्त जेवायला आले आहेत."

भोयरांनी पुढे ओढलेली खुर्ची हळूच मागे घेतली.

"भाऊजी," बबन शेवटी म्हणाला, "हे तं माशाले पोहनं शिकवनं झालं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. प्रतवारीवाले, पुठ्ठ्यावाले, टेम्पोवाल्याची सासू, सगळे. पण मला त्यांच्यातलं कोणी दिसत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात सुमन उभी होती. तिने हात पुसले, पदर सारखा केला आणि बबनला म्हणाली, "चाल, बबन. लय रात व्हाच्या आत निघू."

चार लोकांची लाज आणि सुमनची पाठ यांत मला एक निवडायचं होतं, आणि ते ठरवायला मला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. मी उठून उभा राहिलो. 

"मी संत्र्यासाठी नाही शिकलो गा स्पॅनिश," मी म्हटलं. "हिच्यासाठी शिकलो."

भोयरांच्या तोंडातली फोड तोंडातच राहिली. मी सगळं सांगितलं: कन्हानचं लग्न, गाय, टाकी, आणि गच्चीवर भोयरांनी पकडल्यावर मी मारलेली थाप. कोणी रागावलं नाही. उलट भोयरवहिनी पुढे येऊन म्हणाल्या, "मंग म्हना ना भाऊजी. एवढं शिकले तं म्हना."

मी घसा साफ केला. सुमनकडे बघायची हिंमत झाली नाही, म्हणून पंख्याकडे बघून म्हटलं, "मी मेदिया नारांखा."

राफाएल खुर्चीवरून ताडकन उठला आणि टाळ्या वाजवू लागला. माझी युक्ती होती ती चार लोकांना कळू नये म्हणून. पण मीच त्यांना तो शब्द शिकवून बसलो होतो. भोयरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, "वहिनीले संत्रं म्हनून राहिला."

"पुरं संत्रं नाही, अर्धं," ऋतुजा म्हणाली.

सुमन वळली. "अर्धं?" ती म्हणाली. "तीस वर्षं झाले, अन् मले अर्धं संत्रं?"

ऋतुजाने आईचा हात धरून तिला समजावलं. दोन अर्धी, एकाला एकच जुळणारं, वगैरे. सुमन ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे कान लाल झाले, आणि ते मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होतो. मग तिने पाहुण्याकडे बोट दाखवलं. "त्याईले विचार, ते आपल्या बायकोले घरी काय म्हनते."

ऋतुजाने विचारलं. राफाएलने टकलावरून हात फिरवला. छताकडे पाहिलं. मग जरा ओशाळून एकच शब्द म्हणाला.

"ओये म्हणतात," ऋतुजा म्हणाली. "म्हणजे 'ऐक ना'. आपलं 'अवं'च समजा."

जो हशा उठला तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल. राफाएलला का ते कळलं नाही, पण तोही पोट धरून हसला. भोयर माझ्या पाठीवर थापा मारत होते. एकाएकी बायकांनी सुमनला घेरलं आणि आता तिनेही नाव घेतलंच पाहिजे असा धोशा लावला. माझी खात्री होती की ती नाही म्हणणार. पण तिने पदर खोचला आणि एका दमात म्हणाली:

"नागपूरच्या संत्र्याले लागत नाही सुरी,
प्रभाकररावाईले बोलाले वर्षं लागली तीस पुरी!"

मग तिने बबनला बॅग आत आणून ठेवायला सांगितली आणि पाहुण्याला विचारलं की आणखी रस्सा वाढू का. राफाएल शूर माणूस, हो म्हणाला. संत्र्यांचं काय झालं म्हणाल, तर दोन पेट्या तो घेऊन गेला आणि बाकीची कॉलनीने तिथेच फस्त केली. बबन हात हलवत परतला, पण खूश होता. जाताना मला म्हणाला की ताईला त्याने असं हसताना लहानपणीच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फार आत्मविश्वासाने उठलो. सुमन ओट्यापाशी पोहे भिजवत होती. मी दारात उभा राहून, पंख्याकडे न बघता, व्यवस्थित भावना घालून म्हटलं, "मी मेदिया नारांखा."

"अजी, ते चार लोकांसमोर होतं, झालं," ती मागे न वळता म्हणाली. "आता कोनी नाही. एकदा मले नावानं हाक मारून पाहा."

वाचकहो, मी वर इतक्या वेळा 'सुमन' 'सुमन' लिहिलं आहे म्हणून फसू नका. लिहायला काय लागतं? तोंडाने मी ते नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, आणि तेही भटजींनी तिसऱ्यांदा दटावल्यावर. मी दाराची चौकट धरली. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. घाम आला. कानांत काहीतरी वाजायला लागलं. आणि शेवटी, मराठीत, मी म्हटलं, "सुमन."

पोह्यांतला हात थांबला. ती वळली. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, ओला हात पुसून माझ्या कपाळावर ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "ऋतु, बीपीचं मशीन आन वं. तुह्या बाबाले काहीतरी होऊन राहिलं."

मशीन आलं. दंडाला पट्टा बांधला. बीपी खरोखरच वाढलेलं निघालं!